दलाल कोणाचा?

मार्चमधल्या एका थंड, कोरड्या सकाळी, अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातल्या अ‍ॅनापोलिसच्या एका बोटयार्डात, लोखंडी टेकूंवर उभ्या केलेल्या तीस फुटी शिडाच्या बोटीखाली, आम्हाला बोट शोधून देणाऱ्या ब्रोकरबाई गुडघे टेकून बसल्या होत्या. चेसापीक उपसागराच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात बोटी पाण्याबाहेर काढून अशा टेकूंवर ठेवतात, त्यामुळे एरवी पाण्याखाली दडलेला भाग त्या दिवसांत नजरेसमोर येतो. बोटीच्या पोटाखाली शिशाचा जड कील होता, ज्याला आपल्याकडे पठाण म्हणतात. तो जिथे पोटाला मिळतो, त्या सांध्याच्या पुढच्या टोकाला एक बारीक चीर होती आणि तिच्यातून गंजाचा तपकिरी ओघळ खाली उतरला होता. बाईंनी हातमोजा काढला, अंगठा त्या ओघळावर दाबून धरला आणि मग तो माझ्यासमोर धरला. अंगठा ओला होता.

"ही बोट नोव्हेंबरपासून जमिनीवर आहे," त्या म्हणाल्या. "चार महिने झाले तरी सांधा झिरपतो आहे. म्हणजे पाणी आत कुठेतरी मुरून बसले आहे. ही बोट तुम्ही घेऊ नका."

ती १९७९ची कॅटलिना ३० होती. कॅलिफोर्नियातल्या कॅटलिना कंपनीने सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून २००८पर्यंत या जातीच्या सहा हजारांहून अधिक बोटी बांधल्या, आणि बेताच्या पैशांत कुटुंबाला घेऊन शिडाची बोट चालवू पाहणाऱ्या अमेरिकेतल्या माणसाची नजर बहुधा तिच्यावर जातेच. सांध्यावरच्या त्या चिरेला तिचे मालक 'कॅटलिनाचे हसू' म्हणतात. पुष्कळदा ती चीर वरवरची असते. कीलचे बोल्ट पुन्हा आवळून आणि फट एपॉक्सीने भरून काम भागते. परंतु सुरुवातीच्या काळातल्या बोटींत कीलच्या मुळाशी, फायबरग्लासच्या थरांच्या आत प्लायवुड घातलेले आहे. त्यात पाणी शिरले की लाकूड कुजते, बोल्टची पकड सैल होते, आणि मग दुरुस्तीचा खर्च बोटीच्या किमतीच्या पुढे जातो. हे सारे मला त्या सकाळी बाईंकडून कळले. त्याआधी मला एवढेच ठाऊक होते, की बोटीची किंमत फक्त ९,५०० डॉलर आहे, आतली गादी नवी आहे आणि माझ्या मुलीने पुढची झोपायची जागा स्वतःसाठी ठरवूनही टाकली आहे.

माझे बालपण देवगडात गेले. आमच्या कलमांच्या बागेतून समुद्र दिसायचा, परंतु आम्ही आंब्यावर जगणारी माणसे. बोट आमच्या घरात कधीच नव्हती. तांडेल, खलाशी, सुकाणू हे शब्द कानांवर होते, हाताला त्यांचा अनुभव नव्हता. त्यामुळे मेरीलँडमध्ये वीस वर्षे काढल्यावर बोट घ्यायचे ठरवले, तेव्हा मी त्या बाबतीत अगदी कोरा होतो, आणि कोऱ्या माणसाला बाजार फार लवकर ओळखतो. पहिल्यांदा ज्या ब्रोकरशी माझा संबंध आला, त्याचा प्रत्येक फोन एकाच वाक्यावर संपत असे: दुसरे गिऱ्हाईक उद्या येते आहे, तुम्ही आजच आगाऊ रक्कम भरलेली बरी. तीन आठवड्यांत तीन बोटींच्या बाबतीत तेच वाक्य ऐकल्यावर मी त्याचा नाद सोडला. मरिनात, म्हणजे बोटी ठेवायच्या धक्क्यावर, बोट असलेल्या एका शेजाऱ्याने मग या बाईंचे नाव सुचवले.

त्या रात्री बाबांशी फोनवर बोलताना मी ब्रोकर हा शब्द वापरला आणि त्यांना तो समजेना, म्हणून दलाल म्हणालो. मराठीत हा शब्द मानाने कोणी उच्चारत नाही. आमच्या घरात तर त्याला चाळीस वर्षांचा इतिहास आहे. हंगाम सुरू होण्याआधी फवारणी-खतासाठी दलालाकडून उचल घ्यायची, म्हणजे मग पेट्या त्यालाच धाडणे भाग. बाजारात फडक्याखाली हात घालून, बोटे दाबून भाव ठरायचा. त्या पद्धतीला हत्ता म्हणतात. आंबा ज्याचा, तो तेव्हा तिथून चारशे किलोमीटरांवर आपल्या बागेत असायचा. काही दिवसांनी पट्टी यायची: इतक्या पेट्या, हा भाव, त्यातून हमाली वजा, अडत वजा, उचल वजा, उरले ते तुमचे. बाबांनी कुठल्याही दलालाला कधी चोर म्हटले नाही. त्यांतल्या एकाने आजोबांच्या आजारपणात न मागता पैसे पाठवले होते, हेही ते आवर्जून सांगतात. परंतु फडक्याखाली काय ठरले ते आपल्याला कधीच कळत नाही, ही गोष्ट त्यांनी आयुष्यभर सोसलेली आहे. म्हणून त्यांनी मला बोटीची लांबी विचारली नाही, किंमतही विचारली नाही. त्यांनी विचारले, "तो दलाल तुझो की तेचो?"

दुसऱ्या दिवशी मी हाच प्रश्न बाईंना विचारला. विचारताना थोडा संकोच वाटला, परंतु त्यांना तो मुळीच लागला नाही. त्यांनी कागद ओढला आणि हिशेब मांडला. कमिशन साधारणपणे विक्रीच्या किमतीच्या दहा टक्के असते आणि ते विकणाऱ्याला मिळणाऱ्या रकमेतून जाते. विकणाऱ्याचा ब्रोकर वेगळा असेल, तर दोघे ते वाटून घेतात, आणि प्रत्येकाच्या वाट्यातून त्याची कंपनी आपला हिस्सा ठेवते. "म्हणजे मला पैसे विकणाऱ्याच्या खिशातून मिळणार, आणि व्यवहार झाला तरच मिळणार," त्या म्हणाल्या. "मी तुमच्या बाजूने काम करीन, पण हे डोळ्याआड करू नका. आणि म्हणूनच बोट तपासणारा सर्व्हेयर तुम्हीच निवडा. मी तीन नावे देईन, त्यांतले कोणाला घ्या असे सांगणार नाही. चौथा कोणी तुम्हाला आवडला तर उत्तमच."

पुढे कितीतरी दिवस मी त्या हिशेबाचा विचार करत होतो. बोटीची किंमत दोन हजार डॉलरनी खाली आली, तर कमिशन दोनशेने कमी होते, बाईंच्या कंपनीच्या वाट्याचे शंभर जातात, आणि कंपनीशी निम्म्याचा करार असेल तर खुद्द बाईंचे पन्नास. म्हणजे आपल्यासाठी किंमत पाडून घेताना ब्रोकरचे फारसे काही जात नाही. त्याचे खरे नुकसान होते ते व्यवहार मोडल्यावर, कारण मग सगळेच जाते. ब्रोकर किंमत चढवील अशी आपल्याला भीती असते, परंतु सावध राहायचे ते त्याच्या घाईपासून. चिरेवरचा ओला अंगठा दाखवून 'घेऊ नका' म्हणणाऱ्या माणसाने त्या क्षणी स्वतःच्या कमाईवर पाणी सोडलेले असते, आणि तेही मोबदल्यात दुसरे काही मिळेल याची खात्री नसताना. व्यवहाराच्या रचनेत असे काहीही नाही, जे त्याला तसे वागायला भाग पाडील. चांगुलपणा पूर्णपणे त्या माणसाचा असतो.

आता सगळ्या बोटी इंटरनेटवर दिसतात, मग ब्रोकर हवा कशाला, असे मला अनेकांनी विचारले. जाहिरातीत मागितलेली किंमत दिसते; बोट अखेर कितीला गेली ते दिसत नाही. ती माहिती ब्रोकर मंडळींनी आपसांत नोंदवलेली असते आणि त्यांनाच पाहता येते. बाईंनी मला आमच्या खाडीवर आधीच्या दोन वर्षांत विकल्या गेलेल्या तशाच बोटींचे आकडे वाचून दाखवले, आणि मागितलेल्या व मिळालेल्या किमतींतले अंतर ऐकून मी माझा अंदाज तिथेच बदलला. फडक्याखालचा भाव मला कोणीतरी प्रथमच उघडून दाखवत होते. बाबांना हे सांगितले तेव्हा ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत.

जूनपर्यंत आम्ही पाच बोटी पाहिल्या. त्यांतल्या एकीत पेट्रोलचे जुने इंजिन होते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती बोटीच्या तळाशी साचते आणि एका ठिणगीने पेट घेते, म्हणून अशा बोटीत इंजिन चालू करण्याआधी पंखा लावून ती वाफ बाहेर काढावी लागते. काळजीपूर्वक वागणारी माणसे अशी इंजिने वर्षानुवर्षे विनातक्रार चालवतात. बाईंनी एवढेच विचारले, "तुमची मुलगी एकटी बोटीवर असेल आणि तिने घाईत किल्ली फिरवली तर?" तो विषय तिथेच संपला.

सहावी बोट १९९०ची होती. इंजिन डिझेलचे, तीन सिलिंडरांचे. कील आखूड आणि तळाशी पंखासारखा पसरलेला, त्यामुळे तिला चार फूट पाणीही पुरे. चेसापीक उपसागर नकाशावर अवाढव्य दिसतो, पण त्याची सरासरी खोली जेमतेम साडेसहा मीटर आहे आणि काठाजवळच्या खाड्यांत तर चिखलच अधिक, म्हणून ही गोष्ट फार मोलाची. मालक निवृत्त शिक्षक होते आणि त्यांचा ब्रोकर वेगळा होता. त्यांनी २४,५०० मागितले होते, आम्ही २३,५००वर लेखी मागणी ठरवली. दहा टक्के रक्कम ब्रोकरच्या कंपनीच्या राखीव खात्यात ठेवायची, ठरलेल्या तारखेपर्यंत सर्व्हे आणि पाण्यावरची चाचणी करायची, आणि त्या तारखेच्या आत लेखी नकार दिला तर पैसे परत. करारातल्या या तारखेला बाई फार जपत. बोट पसंत आहे असे तोंडाने कितीही वेळा म्हणा, पण ती तारीख उलटण्याआधी कागदावर काय लिहिलेत तेच खरे, असे त्यांनी मला दोनदा बजावले.

सर्व्हेचा दिवस मला तासातासाने आठवतो. सकाळी साडेआठला धक्क्यावर पोहोचताच बाई कोणाशी काही न बोलता खाली केबिनमध्ये उतरल्या, जिन्याची फळी काढली आणि इंजिनावर तळहात ठेवला. इंजिन गार होते. मालकांनी आदल्या रात्रीपासून ते चालू करू नये, असा निरोप त्यांनी मुद्दाम पाठवला होता. थंड डिझेल इंजिन कसे सुरू होते, पहिल्या मिनिटात धूर किती आणि कोणत्या रंगाचा येतो, यावरून त्याच्या तब्येतीचा पुष्कळ अंदाज येतो. काळा धूर ओझ्याचा, निळा जळणाऱ्या तेलाचा. कोणी आधीच तापवून ठेवलेले इंजिन हे सगळे लपवते. आमचे इंजिन दुसऱ्या फेऱ्याला सुरू झाले, किंचित धुरकटले आणि स्थिरावले. मात्र खुल्या पाण्यात पूर्ण वेग मागितल्यावर ते मध्येच अडू लागले. माझे मन खचले. बाई म्हणाल्या, "बोट वर काढून बघू, मग ठरवू." क्रेनच्या पट्ट्यांवर बोट पाण्याबाहेर आली तेव्हा तिला पुढे ढकलणाऱ्या पंख्यावर शिंपल्यांचा जाड थर बसलेला दिसला. तो खरवडून काढल्यावर दुपारी तेच इंजिन सुरळीत पळाले.

मग सर्व्हेयरने आपली छोटी हातोडी काढली. त्याने बोटीचे पोट नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, सुकाणूपर्यंत वीतभर अंतरावर हळूहळू ठोकत नेले, आणि मी त्याच्या मागे चालत राहिलो. थोड्या वेळाने मला तो आवाज ओळखता येऊ लागला. फणस तयार झाला की नाही ते बघायला आमची आजी त्यावर टिचकी मारायची; कच्चा फणस टणटण वाजतो, पिकायला आलेला बद्द बोलतो. बोटीचे पोट शेवटपर्यंत टणटणीत वाजले. डेकवर मात्र उजव्या बाजूच्या एका कठड्याच्या खांबाजवळ हातभर जागेत तो बद्द आवाज आला आणि ओलावा मोजणाऱ्या यंत्राचा काटाही तिथेच चढला. दोन थरांमधल्या लाकडात पाणी गेले होते. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या पोलादी तारा बोटीच्या जन्मापासूनच्या होत्या आणि एका तारेच्या टोकाच्या नळीला केसासारखी चीर होती. अशा तारा दहा-पंधरा वर्षांनी बदलाव्यात असे मानतात. या तिसांहून अधिक वर्षे उभ्या होत्या. इंजिनाच्या वायरी जोडणारा प्लास्टिकचा जोड उष्णतेने तपकिरी पडला होता, आणि या काळातल्या बोटींचा हा ठरलेला दोष असल्याने सर्व्हेयरने तो न शोधताच गाठला.

त्या संध्याकाळी मी बाईंना म्हणालो, की आपण सहा हजार कमी मागू. त्यांनी सर्व्हेचा अहवाल समोर ठेवून तीन ओळींखाली पेन्सिलने रेघा मारल्या: तारा, डेकचा ओला भाग, वायरींचा जोड. या गोष्टी आपल्याला मागणी करताना माहीत नव्हत्या आणि त्या सुरक्षिततेच्या आहेत, म्हणून त्या मागता येतील. शीड जुने आहे, गाद्यांचा रंग उडाला आहे, हे आपण पहिल्याच दिवशी पाहिले होते आणि ते धरूनच किंमत ठरवली होती. ते आता पुन्हा उकरून काढणे बरोबर नाही. "ते गृहस्थ खोटे बोललेले नाहीत," त्या म्हणाल्या. "पंख्यावर शिंपले आहेत हे त्यांनी स्वतःच चाचणीआधी सांगितले होते." मला ते ठाऊक नव्हते. मी ऐकले ते माझ्या फायद्याचे म्हणून नव्हे; त्या बोलण्यात मला समोरच्या माणसाविषयीचा आदर दिसला, म्हणून. जो ब्रोकर माझ्यासाठी दुसऱ्याला नाडायला तयार होईल, तो उद्या दुसऱ्या कोणासाठी मला नाडील. कारागिराकडून तिन्ही कामांचा लेखी अंदाज आणला, दोन्ही ब्रोकर फोनवर बोलले, आणि किंमत २१,५००वर ठरली.

एवढ्यावर सगळे संपायला हवे होते. परंतु बाईंनी तटरक्षक दलाच्या बोट-नोंदणी कार्यालयातून या बोटीच्या मालकीचा जुना उतारा मागवला होता. हे कार्यालय वेस्ट व्हर्जिनियात, समुद्रापासून पुष्कळ आत आहे. उताऱ्यात दिसले, की बोटीच्या पहिल्या मालकाने ती बँकेच्या कर्जावर घेतली होती आणि तो बोजा अजून तसाच नोंदलेला आहे. नंतरच्या मालकांनी बोट राज्याच्या कागदांवर घेतली, जुना उतारा कोणी पाहिलाच नाही. गावाकडे सातबाऱ्यावर इतर अधिकाराच्या रकान्यात असेच होते: सोसायटीचे कर्ज आजोबांनी फेडलेले असते, दाखला घरातल्या ट्रंकेत असतो, पण बोजा कमी केल्याची नोंद कोणी घातलेली नसते, आणि नातवाने जमीन विकायला काढली की तो बोजा उभा राहतो. बोटीचे तर त्याहून कडक आहे. असे देणे माणसाच्या मागे न लागता बोटीला चिकटते आणि बोट ज्याच्या हाती असेल त्याच्या दारी येते.

कर्ज बहुधा फिटलेलेच होते. मालक तसे शपथेवर लिहून द्यायला तयार होते, विकणाऱ्यांच्या ब्रोकरलाही त्यात काही धोका वाटत नव्हता. जुलै सुरू झाला होता, वारा चांगला होता, आणि मी बाईंना म्हणालो, की आपण पैसे देऊन मोकळे होऊ. त्यांनी साफ नकार दिला. ती बँक मधल्या काळात दुसऱ्या बँकेत आणि ती तिसऱ्या बँकेत विलीन झाली होती. पाच आठवडे बाई फोन करत राहिल्या, एका खात्याकडून दुसऱ्या खात्याकडे जात राहिल्या, आणि ऑगस्टमध्ये एके दिवशी कर्जफेडीचा सहीशिक्क्याचा कागद आला. तो नोंदवला गेला, त्यानंतरच आमचे पैसे त्या राखीव खात्यातून सुटले. राज्याचा पाच टक्के कर भरला, विक्रीपत्रावर सह्या झाल्या, किल्ल्या मिळाल्या.

त्या रविवारी बाबांनी विचारले, "बाईक कितके मेळले?" मी हिशेब सांगितला: २१,५००चे दहा टक्के, त्यातले निम्मे, त्यातले पुन्हा निम्मे. साधारण ५४० डॉलर, सहा महिन्यांच्या कामाचे, आणि त्यात तो बँकेचा पाच आठवड्यांचा खटाटोप. बाबा गप्प राहिले. मग म्हणाले, "हंगामात तिका एक पेटी नेऊन दी."

भारतातला हापूस २००७पासून अमेरिकेत रीतसर येऊ लागला आहे, पण थोडाच येतो आणि महाग असतो. पुढच्या मे महिन्यात मी एक पेटी मिळवून बाईंच्या कार्यालयात नेली. त्यांनी झाकण काढले, आतला एक आंबा उचलला आणि सवयीने अंगठा त्यावर टेकवला. मी त्यांचा हात थांबवला आणि दाबायचे नसते म्हणून सांगितले. फळ मऊ झालेले नसतानाही आतून तयार असू शकते, आणि दाबलेल्या जागी ते दुसऱ्या दिवशी काळे पडते. देठाकडची बाजू नाकाजवळ धरायची. त्यांनी आंबा उलटा केला, डोळे मिटले आणि बराच वेळ तो तसाच धरून ठेवला.

"हा आज नाही," त्या म्हणाल्या. "परवा."

त्यांचा अंदाज बरोबर होता.